टर्बोचा बूस्ट बघताना या चुका टाळा

इंदूरला देवास नाक्यावर डिझेल गाड्यांचे टर्बो खोलण्यात माझी वीस वर्षं गेली. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंप, आणि बूस्ट म्हणजे त्या हवेचा बाहेरच्यापेक्षा जास्तीचा दाब, तो बारमध्ये मोजतात. आठवड्यातून एकदा तरी कोणी पोरगा येऊन सांगतो, "काका, गेज एक बार दाखवतोय, म्हणजे टर्बो ठणठणीत आहे." गेज फक्त दाब सांगतो. टर्बोच्या आतलं चाक किती फेऱ्यांनी फिरतंय आणि त्यातून किती हवा जातेय, ते गेजवर कळत नाही. ट्रकच्या टर्बोचे फेरे मिनिटाला लाखावर जातात, छोट्या कारमध्ये दोन लाखांच्या आसपास. तिथे अंदाजाने काम करायचं नसतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गळती न शोधता टर्बो बदलणे.

रामबागेतल्या एका ओळखीच्या गृहस्थांचा ट्रक निमाडातून कापूस आणायचा. सहा महिन्यांत दोन टर्बो गेले. दोन्ही वेळा दुसऱ्या एका गॅरेजने नवा बसवून दिला, पाइपांना हातही लावला नाही. माझ्याकडे आले तेव्हा म्हणाले, "अहो, ऑइल बदललं, फिल्टर बदलला, आता आणखी काय करू?" मी टर्बोचा शाफ्ट चिमटीत धरून हलवला तर चांगलाच प्ले, म्हणजे ढिलेपणा. पाती घासून हाउसिंगला आतून गोल चरे पडले होते. बूस्ट मात्र शेवटपर्यंत बरोबर होता म्हणे.

इनलेट बंद करून अर्धा बार हवा भरली, साबणाचं पाणी फिरवलं. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणारी जाळी) होजवर, क्लॅम्पच्या अगदी कडेला, नखाएवढी चीर. थंड असताना मिटलेली, होज वाकवला की बुडबुडे. हवा गळते म्हणून दाब कमी पडतो, दाब कमी म्हणून वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट बाजूने सोडून देणारी झडप) बंदच राहतो, सगळा एक्झॉस्ट टर्बाइनवर, म्हणजे त्याने फिरणाऱ्या चाकावर, जातो आणि दाब भरून निघेपर्यंत चाक जोरात पळतं. गेजचा काटा तिथेच, पण चाक इंजिनची हवाही ढकलतंय आणि गळणारीही. त्याच दाबावर जास्त हवा म्हणजे जास्त फेरे, आणि चोकच्या, म्हणजे चाकातून जास्तीत जास्त जाऊ शकणाऱ्या हवेच्या मर्यादेच्या, जवळ गेलं की ते झपाट्याने वाढतात. भरलेला ट्रक मानपूरचा घाट चढताना रोज हेच होत होतं. होज बदलला, तिसरा टर्बो अजून चालतोय. तेव्हापासून पाइप तपासल्याशिवाय मी नवा टर्बो खोक्यातून काढत नाही. गिऱ्हाईक कितीही घाई करो.

तुंबलेल्या एअर फिल्टरचंही तसंच. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, इथे बाहेरचा दाबच साधारण 0.95 बार. त्यावर 1 बार बूस्ट म्हणजे टर्बोतून बाहेर पडताना 1.95, आत येतानाच्या दाबाशी गुणोत्तर 2.05. फिल्टरने 0.1 बार खाल्ला की आत येताना 0.85 उरतो आणि गुणोत्तर 2.3 जवळ जातं. काटा हललेला नाही, चाक मात्र जास्त पळतंय. फिल्टर झटकून परत बसवणाऱ्यांनी हे आकडे एकदा कागदावर मांडावेत.

अ‍ॅक्चुएटरचा रॉड (वेस्टगेट उघडणारी दांडी) दोन आटे आवळून बूस्ट वाढवून द्या, असं सांगणारे येतात. मी करत नाही. दाबातली वाढ ढोबळमानाने वेगाच्या वर्गाने होते, म्हणजे वेग दीडपट केला तर सव्वादोनपट. शाफ्टवरचा ताणही वर्गानेच वाढतो. शिवाय हवा तापते. 35 अंशांची हवा 1 बार बूस्टला कॉम्प्रेसरमधून (टर्बोची हवा दाबणारी बाजू) सव्वाशेच्या वर तापून निघते. तापलेली हवा विरळ, म्हणून दाब वाढूनही इंजिनला त्या प्रमाणात हवा मिळत नाही. इंटरकूलर चिखलाने आणि कापसाच्या तंतूंनी बुजलेला असेल तर आधी तो बाहेरून धुवा, पिकअप तिथेच सापडतो.

गाडी जागेवर उभी करून रेस देऊन "बूस्टच येत नाही" म्हणू नका. लोड नसताना एक्झॉस्टमध्ये चाक फिरवायला जोरच नसतो.

मोठा टर्बो बसवायचा हट्टही तसाच. कमी आरपीएमला इंजिन एवढी हवा घेत नाही, दाब उलटा येतो आणि फडफड आवाज सुरू होतो. त्याला सर्ज म्हणतात, आणि तो थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारं) खातो. हा आवाज ऐकून काही जण खूश होतात. मी ताबडतोब गाडी बंद करायला लावतो.