नव्या वर्षाची आखणी: घर आणि व्यवसाय एकाच वहीत

नव्या वर्षाची उद्दिष्टे ठरवायला बसताना बहुतेक जण कोरा कागद पुढ्यात घेतात, आणि माझ्या मते पहिली चूक तिथेच होते. पुढ्यात आधी हवे ते सरलेल्या वर्षाचे कॅलेंडर, बँकेचे खातेउतारे आणि ग्राहकांना दिलेली बिले. एकेक महिना उलटत जावे आणि दोनच गोष्टी टिपाव्यात: वेळ व पैसा प्रत्यक्षात कुठे गेला, आणि ठरवूनही काय झाले नाही. यांतली दुसरी यादी अधिक बोलकी असते. एखादे उद्दिष्ट सलग तीन वर्षे अपुरे राहिले असेल, तर ते मनापासून हवेच आहे का, की त्यासाठी दुसरे काही सोडावे लागेल आणि ते सोडण्याची आपली तयारी नाही, याचा निवाडा केल्याशिवाय तेच वाक्य चौथ्यांदा लिहू नये.

मागचे वर्ष चाळण्याला आणखी एक कारण आहे. काम किती वेळात होईल याचा अंदाज माणूस जवळपास नेहमीच कमी धरतो; डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीची मांडणी केली होती. त्यांनी सुचवलेला उपाय असा की, समोरच्या कामाकडे पाहून अटकळ बांधण्याऐवजी तशाच जुन्या कामांना प्रत्यक्षात किती वेळ लागला होता ते पाहावे. ‘या खेपेला लवकर उरकेल’ असे मन कितीही सांगत असले, तरी वहीत मागचाच आकडा लिहावा.

त्यानंतर तासांचा हिशेब करावा. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे पैशांच्या बाबतीत सगळ्यांना पटते. वेळेच्या बाबतीत मात्र अंथरूण मोजण्याचे कष्ट कोणी घेत नाही. आठवड्याचे १६८ तास असतात. रोज आठ तास झोप धरली तर ५६ गेले. व्यवसायाला ५० आणि जेवणखाण, घरकाम, प्रवास, आजारपणे, कुटुंब यांना रोज सात तासांप्रमाणे ४९ दिले, तर उरतात १३. प्रत्येकाचे आकडे वेगळे येतील, पण शेवटची बाकी फारशी मोठी निघत नाही, आणि नव्या वर्षाचे सगळे बेत याच बाकीतून भागवायचे असतात. म्हणूनच वैयक्तिक आणि व्यावसायिक उद्दिष्टे दोन वेगळ्या वह्यांत लिहिणे मला धोक्याचे वाटते. दोन्ही वह्या त्याच १३ तासांवर हक्क सांगतात आणि त्यांची गाठ पडते ती थेट मार्च महिन्यात, ओढाताण सुरू झाल्यावर.

हे एका उदाहरणाने पाहू. समजा, एकटीने डिझाइनचा व्यवसाय चालवणाऱ्या एका बाईने गेल्या वर्षी २४ कामे पूर्ण केली, आणि यंदा तिला ३६ करायची आहेत. तिच्या नोंदींनुसार पाच चौकश्यांमागे एक काम मिळते, एका चौकशीला भेटीगाठी व कोटेशन धरून दोन तास जातात, आणि एक काम हातावेगळे करायला ४० तास लागतात. म्हणजे वाढीव १२ कामांसाठी ६० जास्तीच्या चौकश्या, त्यांचे १२० तास, आणि प्रत्यक्ष कामाचे ४८० तास, एकूण ६००. वर्षाचे ५० आठवडे धरले तर दर आठवड्याला १२ तास. तिच्या यादीत पुढच्याच ओळीवर ‘पोहायला शिकणे’ आणि ‘आईसाठी दर आठवड्याला एक दुपार’ असेही लिहिलेले आहे. १३ तासांच्या बाकीतून ही तिन्ही उद्दिष्टे निघणार नाहीत, हे तिला डिसेंबरमध्येच कळले तर ती कामांची संख्या तीसवर आणू शकते, दर वाढवू शकते, कोटेशनचा ठरावीक नमुना करून चौकशीमागचा वेळ निम्म्यावर आणू शकते किंवा मदतनीस ठेवू शकते. हिशेब केला नाही तर तिचे पोहणे आणि आईची दुपार न ठरवताच गळून पडतील.

असे छाटून झाल्यावर घरची दोन आणि व्यवसायाची दोन किंवा तीन उद्दिष्टे शिल्लक राहिली, तर पुष्कळ झाले.

आता शब्दरचना. उद्दिष्ट नेमके, मोजता येण्याजोगे आणि मुदतीचे असावे, हा सल्ला व्यवस्थापन सल्लागार जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये ‘स्मार्ट’ (SMART) या इंग्रजी आद्याक्षरांत बसवला आणि तो पुढे घासून घासून गुळगुळीत झाला, तरी त्यातला गाभा खरा आहे. ‘जमेल तितके करू’ असे म्हणणाऱ्यांपेक्षा नेमके आणि जरा अवघड लक्ष्य घेणाऱ्यांचे काम अधिक चांगले होते, असे मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ मध्येच दाखवले होते. याच्या उलट, १९५३ सालच्या येल विद्यापीठाच्या पदवीधरांपैकी उद्दिष्टे लिहून ठेवणारे तीन टक्के पुढे इतर सगळ्यांपेक्षा श्रीमंत झाले, ही भाषणांतून हमखास ऐकू येणारी गोष्ट विसरावी. असा अभ्यास झाल्याचा कोणताही पुरावा सापडलेला नाही.

व्यवसायाच्या उद्दिष्टात एकटा आकडा ठेवू नये, कारण तो गाठण्यासाठी माणसे दुसरीकडे खड्डा पाडतात. ‘उलाढाल २० टक्क्यांनी वाढवणे’ एवढेच लिहिले तर उधारीवर माल देऊनही ते साधते, आणि वर्षअखेरीस कागदावर नफा दिसतो पण पगार द्यायला खात्यात पैसे नसतात. त्या वाक्यालाच ‘आणि सर्व येणे ४५ दिवसांच्या आत वसूल करून’ असे जोडावे.

पुढची पायरी म्हणजे आपल्या हातातले आणि हाताबाहेरचे वेगळे करणे. ग्राहकाने होकार देणे आपल्या हातात नसते. दर मंगळवारी सकाळी दोन जुन्या ग्राहकांना फोन करणे असते. म्हणून प्रत्येक उद्दिष्टाखाली आठवड्याला करायची एकच कृती लिहावी, आणि ती ‘अमुक झाले की तमुक करीन’ अशा वाक्यात बांधावी. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये मांडल्याप्रमाणे वेळ, जागा आणि कृती आधीच अशी जोडून ठेवली, की नुसत्या इराद्यापेक्षा ती तडीस जाण्याची शक्यता वाढते. ‘व्यायाम वाढवीन’ याऐवजी ‘संध्याकाळी दुकानाचे शटर ओढले की घरी न जाता थेट तलावावर जाईन’ असे लिहावे, आणि पोहण्याची पिशवी दुकानातच ठेवावी. सवय २१ दिवसांत लागते हेही खरे मानू नये. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील एका अभ्यासात हा काळ साधारण ६६ दिवस आला, आणि व्यक्तीगणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक आढळला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसले.

वर्ष सुरू होण्याआधी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची एक युक्ती करून पाहावी: वर्ष संपले आहे आणि उद्दिष्ट पार फसले आहे असे गृहीत धरून त्याची कारणे लिहावीत. भागीदार किंवा घरची माणसे यांना हे आवर्जून करायला सांगावे, कारण जी शंका एरवी संकोचामुळे कोणी बोलून दाखवत नाही ती अशा वेळी सहज बाहेर येते. त्यांतल्या पहिल्या दोन कारणांवरचे उपाय आराखड्यातच लिहून टाकावेत.

आढावा आठवड्याला २० मिनिटे आणि दर १३ आठवड्यांनी अर्धा दिवस घ्यावा, आणि त्या तारखा आताच कॅलेंडरवर टाकाव्यात. आठवड्याच्या आढाव्यात फक्त ठरलेली कृती झाली की नाही एवढेच पाहावे. उद्दिष्ट बदलण्याचा निर्णय तिमाहीवर ढकलावा, नाही तर एका वाईट आठवड्यापायी चांगला बेत मोडला जातो. तिमाहीत एखादे उद्दिष्ट सोडायचे ठरले तर ते खोडरबराने पुसू नये. त्यावर रेघ मारून शेजारी तारीख आणि सोडण्याचे कारण लिहावे. डिसेंबरमध्ये पुन्हा जुने वर्ष चाळायला बसल्यावर सगळ्यात आधी त्याच ओळी वाचायच्या असतात.