पेशींच्या चिकटस्थानांवरील बल अभ्यासताना या चुका टाळा

शिवाजी विद्यापीठात किंवा कोल्हापूर परिसरातील महाविद्यालयांत पदव्युत्तर प्रकल्प करणारे विद्यार्थी फोकल ॲड्हेजनमध्ये (पेशी पृष्ठभागाला जेथे चिकटते त्या चिकटस्थानांत) व्हिन्क्युलिन या प्रथिनाचे तेजस्वी ठिपके दिसले की ‘येथे ताण जास्त आहे’ असे लिहून मोकळे होतात. सर्वांत महाग पडणारी चूक हीच. ठिपक्याची चमक तेथे प्रथिन किती जमले एवढेच सांगते, त्यावर भार किती आहे हे नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेट ताणसंवेदकाच्या (रेणूवरचा ताण प्रकाशातील बदलातून दाखवणाऱ्या साधनाच्या) प्रयोगांत स्थिर चिकटस्थानांतील एका व्हिन्क्युलिन रेणूवर सरासरी सुमारे २.५ पिकोन्यूटन (पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग) बल आढळले. शिवाय व्हिन्क्युलिन जमणे आणि त्यातून बल वाहणे या दोन गोष्टींचे नियंत्रण वेगवेगळे असल्याचेही दिसले.

असा संवेदक हाताशी नसेल, तर मायोसिन (पेशीत ओढ निर्माण करणारे प्रथिन) रोखून तुलना करावी. मात्र त्यातून ‘ही जमवाजमव मायोसिनच्या ओढीवर अवलंबून आहे’ एवढाच दावा करता येतो. त्यातही ब्लेबिस्टॅटिन हे मायोसिन रोखणारे औषध वापरून निळ्या प्रकाशात जिवंत पेशी पाहू नयेत: औषध निष्प्रभ होते आणि पेशींना अपाय होतो, तो वेगळाच. औषध ज्यात विरघळवतात त्या नुसत्या डीएमएसओचा तुलनेसाठीचा नमुना (नियंत्रण) तर हवाच.

बल म्हणजे तोडफोड, हा समजही अहवालांत वारंवार डोकावतो. टॅलिन या चिकटस्थानांतील प्रथिनाचा आर३ हा भाग सुमारे ५ पिकोन्यूटन बलाला उलगडतो आणि आत दडलेल्या जागा व्हिन्क्युलिनला खुल्या होतात. अल्फा५-बीटा१ इंटेग्रिन (पेशीच्या पडद्यातील पकड घेणारे प्रथिन) आणि फायब्रोनेक्टिन (पेशीबाहेरचे प्रथिन) यांचा बंध तर साधारण १० ते ३० पिकोन्यूटनच्या टप्प्यात बल वाढेल तसा अधिक काळ टिकतो. तो सुरगाठीसारखा सुटत नाही, निरगाठीसारखा आवळतो. अर्थात त्यापुढे ताणले की तोही तुटतो, म्हणून बलाचा आकडा न देता ‘बलाने बंध मजबूत होतो’ असे सरसकट लिहू नये.

काचेवरचे निष्कर्ष थेट ऊतींना लावणेही टाळावे, कारण काचेचा ताठपणा गिगापास्कलमध्ये आणि मऊ ऊतींचा बहुधा किलोपास्कलमध्ये मोजला जातो. यासाठी ताठपणा हवा तसा ठेवता येणारे पॉलिॲक्रिलामाइड जेल चांगले, पण त्याचा थर काही मायक्रोमीटरच असेल तर पेशीला खालची काच जाणवते. तो निदान काही दशक मायक्रोमीटर ठेवावा. या जेलला प्रथिने आपोआप चिकटत नाहीत. लेपन फसल्याने पेशी तरंगत राहतात आणि दोष मात्र मऊपणावर जातो, म्हणून प्रत्येक ताठपणाच्या जेलवर फायब्रोनेक्टिन किती बसले आहे हे प्रतिपिंडाने रंगवून आधी तपासावे.