चार्टवरचा 'वीस'

आमच्या वॉर्डात यच्चयावत पेशंटचा श्वास मिनिटाला वीस असायचा. सकाळी वीस, दुपारी वीस, रात्रीही वीस. बीपी आणि नाडी मशीन दाखवतं, तापाला थर्मामीटर आहे. श्वास मात्र उभं राहून स्वतः मोजावा लागतो. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी मीही बिनदिक्कत वीस लिहीत होते.

एका नाइट ड्युटीला लघवीच्या इन्फेक्शनसाठी दाखल झालेल्या सत्तरीच्या आजी होत्या. रात्री दहाला त्यांची मुलगी म्हणाली, "सिस्टर, आई मघापासून असंबद्ध बोलतेय. मला मावशीच्या नावाने हाक मारली." मी म्हटलं, "या वयात झोप मोडली की होतं असं." ताप नव्हता, उलट तापमान 35.8 होतं, म्हणून मी निर्धास्त. पहाटे चारला बीपी 84/50. हातपाय गार, युरोबॅगेत रात्रभरात जेमतेम शंभर मिली लघवी. तेव्हा कुठे श्वास मोजला: 32. आजी आयसीयूतून बाराव्या दिवशी परत आल्या, पण त्या रात्रीचे सहा तास मी घालवले होते.

आजींना झाला होता तो सेप्सिस. नातेवाइकांना आपण 'रक्तात इन्फेक्शन पसरलंय' असं सांगतो. ते अर्धवट आहे. 2016च्या व्याख्येनुसार सेप्सिस म्हणजे इन्फेक्शनशी लढताना शरीराचा प्रतिसादच बेताल होणं आणि त्यापायी स्वतःचेच अवयव निकामी होऊ लागणं. रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतून पाणी झिरपतं, पेशींना ऑक्सिजन पुरत नाही, रक्तात लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडला की पेशींत तयार होणारा पदार्थ) साठतं. आम्लता वाढली की कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला श्वास वेगाने चालू लागतो. बीपी मात्र शरीर बराच वेळ रेटून धरतं, तरुण पेशंटमध्ये तर अगदी शेवटपर्यंत. म्हणून बीपी पडायची वाट पाहू नका.

परीक्षेत क्यूसोफा, म्हणजे सेप्सिसचा धोका पटकन ओळखायच्या तीन खुणा, विचारतात: श्वास 22 किंवा जास्त, वरचं बीपी 100 किंवा कमी, शुद्धीत बदल, तिन्हींपैकी दोन असले की धोका. पाठ करा, पण 2021च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की चाळणी म्हणून एकट्या क्यूसोफावर विसंबू नका. बरेच पेशंट त्यातून निसटतात. माझ्या मते आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची. संध्याकाळी 16 असलेला श्वास रात्री 24 झाला, तर चोवीसपेक्षा मधली आठची उडी मोठी.

फसवणाऱ्या गोष्टीही आहेत. म्हाताऱ्या माणसांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना ताप येईलच असं नाही. 36च्या खाली उतरलेलं तापमान तितकंच वाईट. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारं औषध) घेणाऱ्याची नाडी फारशी वाढत नाही. रक्तपुरवठा कमी पडल्याने उठणारे चट्टे सावळ्या त्वचेवर पटकन दिसत नाहीत, तेव्हा ओठ आणि तळहात पाहा. बोटाचं टोक दाबून सोडलं की रंग तीन सेकंदांत परतायला हवा. लघवी तासाला किलोमागे अर्धा मिली, म्हणजे साठ किलोच्या माणसाला तीस मिली, त्याखाली गेली तर सावध. आणि घरचं माणूस 'हे नेहमीसारखे नाहीत' म्हणालं, तर ते लक्षणच समजा. पेशंटचं नेहमीचं बोलणं त्यांना माहीत असतं, आपल्याला नाही.

श्वास मोजताना सांगून मोजू नका. लक्ष आहे कळलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवा आणि पूर्ण मिनिट छाती पाहा.

मग फोन. 'पेशंट जरा बरा वाटत नाहीये' या वाक्याने रात्री तीनला कुणी उठून येत नाही. "लघवीचं इन्फेक्शन, श्वास 16 वरून 26, आता बरळतायत, सेप्सिसची शंका आहे, बघायला या," असं सांगा. डॉक्टर येईपर्यंत कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू तपासायच्या, बाटल्या तयार ठेवा. कल्चर अँटिबायोटिकच्या आधी घ्यायचं असतं, पण त्यापायी डोस रखडवायचा नसतो. शॉकमध्ये, म्हणजे बीपी कोसळलेलं असताना, तो तासाभरात जायला हवा. माझ्या शंका दोनदा खोट्या ठरल्या, एकदा तर सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. तिसऱ्यांदाही फोन केलाच.