लोहाची गोळी सुरू करण्याआधी रिपोर्ट असा वाचा

हिमोग्लोबिन कमी आले की दुकानातून ताकदीच्या गोळ्यांची पट्टी आणून आपण मोकळे होतो. पण पुरुषाच्या किंवा पाळी बंद झालेल्या स्त्रीच्या अंगातले लोह घटले, तर ते गेले कुठे हे आधी शोधायचे. एरवी रोज जेमतेम १-२ मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर पडते. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूचा कॅन्सर मात्र महिनोन्‌महिने, शौचात दिसणारही नाही इतके थोडे थोडे रक्त गाळत राहतो. गोळ्यांनी हिमोग्लोबिन चढते आणि गाठ तिथेच वाढते. म्हणून अशा रुग्णाची गॅस्ट्रोस्कोपी (दुर्बिणीने जठराची तपासणी) आणि कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी), दोन्हींबद्दल डॉक्टरांना विचारा.

फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन), ट्रान्स्फेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारे प्रथिन किती टक्के भरले आहे ते) आणि सीआरपी (अंगातली सूज दाखवणारे प्रथिन) एकत्र तपासा. रक्त सकाळी उपाशीपोटी द्या. गोळी चालू असेल तर आदल्या दिवशी घेऊ नका. फेरिटिन १५ च्या (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) खाली म्हणजे साठा संपला. गोची पुढे आहे: ताप, सूज, यकृताचा आजार किंवा कॅन्सर असला की फेरिटिन खोटे वर जाते. सीआरपी वाढलेले असेल तर ७० च्या खालचे फेरिटिनही कमीच समजा. कॅन्सरच्या रुग्णात ही रेषा १०० वर धरतात. त्याहून वर असूनही सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली असेल, तर लोह साठ्यात अडकले आहे, रक्त बनवायला मिळत नाही.

उलट टोकही घातक. मोकळे लोह पेशीतल्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी भिडून डीएनए तोडणारे रेणू तयार करते, आणि त्याचा पहिला मार यकृतावर बसतो. सॅच्युरेशन ४५ टक्क्यांच्या वर असेल तर स्वतःहून लोह घेऊ नका. थॅलेसेमियात (वारंवार रक्त चढवावे लागणारा जन्मजात आजार) रक्ताच्या दर पिशवीमागे २००-२५० मिलिग्रॅम लोह अंगात साठते. साधारण १०-२० पिशव्या झाल्या किंवा फेरिटिन १००० ओलांडले की लोह काढणारे औषध सुरू करतात.

कॅन्सरच्या पेशींना लोहाची हाव असते हे खरे. डीएनए बनवणाऱ्या एका एन्झाइमला ते लागतेच. पण पालक-गूळ बंद करून गाठ उपाशी मरत नाही, माणूस मात्र थकतो.

डॉक्टरांनी गोळी दिलीच, तर फेरस सल्फेटची २०० मिलिग्रॅमची (प्रत्यक्ष लोह सुमारे ६५) एकच, रोज किंवा दिवसाआड. त्याच दिवशी दुसरी घेतली तर ती नीट शोषली जात नाही. चहा तासभर लांब ठेवा. शौचाला काळे होणारच; पण डांबरासारखे चिकट आणि उग्र वासाचे झाले तर ते रक्त, त्याच दिवशी दवाखाना गाठा. कोलोनोस्कोपीआधी ७ दिवस गोळी बंद, नाहीतर आतड्यात काळा थर राहतो आणि तपासणी वाया जाते.