जुन्या व्हिडिओ गेमचे जतन : ठाण्यात सुरुवात करू इच्छिणाऱ्यांसाठी काही अनुभव

नौपाड्यातील आमच्या घराचा माळा आवरताना डिजिट या संगणकविषयक मासिकासोबत मिळालेल्या सीडींचा गठ्ठा सापडला आणि तिथून मी या कामाकडे वळलो. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून मोठी चूक झाली. सीडी ठेवून त्यांची पाकिटे मी रद्दीत घातली, आणि कोणती सीडी कोणत्या अंकाबरोबर आली होती याचा पुरावाच त्यांच्यासोबत गेला. त्यामुळे नवीन स्वयंसेवकांना मी आधी सांगतो की पाकीट, माहितीपुस्तिका, वॉरंटी कार्ड, दुकानाचे बिल यांतले काहीही टाकू नये.

अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने सॉफ्टवेअर प्रिझर्वेशन नेटवर्कसोबत केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, तिथे २०१० पूर्वी आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. ब्राउझरमध्ये फ्लॅश या सॉफ्टवेअरवर चालणारे असंख्य गेम मात्र वाचले, कारण २०२०च्या अखेरीस फ्लॅश बंद होण्याच्या जवळजवळ तीन वर्षे आधीच फ्लॅशपॉइंट प्रकल्पाच्या स्वयंसेवकांनी ते गोळा करायला घेतले होते.

प्रत्यक्ष कामात खेळण्यापेक्षा नोंदी ठेवण्यातच अधिक वेळ जातो. मूळ वस्तूतील माहितीची तंतोतंत प्रत काढण्याला या क्षेत्रात 'डंप करणे' म्हणतात. सीडीवरील फाइल नुसत्या कॉपी केल्या तर गेमचे संगीत जिथे स्वतंत्र ऑडिओ ट्रॅकमध्ये असते तिथे ते मागेच राहते. म्हणून संपूर्ण सीडी डंप करून तिचे चेकसम, म्हणजे त्या माहितीवरून गणिताने निघणारे ओळखीचे आकडे, काढावे लागतात. रीडंप या प्रकल्पात असे चेकसम नोंदवले जातात, आणि दुसऱ्या कोणी त्याच आवृत्तीच्या वेगळ्या सीडीवरून काढलेले चेकसम जुळले की त्या नोंदीवर भरवसा ठेवता येतो. आपल्याकडची सीडी आधीच नोंदलेली असली तरी हे श्रम वाया जात नाहीत, ते यामुळेच.

ठाण्याच्या पावसाळी दमट हवेत फ्लॉपीला बुरशी लवकर धरते. अशी फ्लॉपी 'एकदा चालवून पाहू' म्हणून ड्राइव्हमध्ये घालू नये, कारण ड्राइव्हचे हेड खराब होते आणि त्यानंतर घातलेल्या चांगल्या फ्लॉपीही बिघडतात. माझा संग्रह मी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो.

कायद्याकडेही दुर्लक्ष करू नये. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सॉफ्टवेअरची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला नुकसानीपासून संरक्षण म्हणून बॅकअप प्रत काढण्याची मर्यादित मुभा आहे; तो गेम इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवण्याची परवानगी त्यातून मिळत नाही. चेकसम आणि वस्तूचे स्वतः लिहिलेले वर्णन आपण मोकळेपणाने देऊ शकतो.

काय जमवावे, याबद्दल माझे मत ठाम आहे. जपानी किंवा अमेरिकी गेमसाठी जगभर माणसे झटत आहेत. टोकियोत गेम प्रिझर्वेशन सोसायटी आहे. आपल्या मोबाइल कंपन्यांच्या पोर्टलवरून विकल्या गेलेल्या जावा गेमची (जुन्या साध्या फोनवर चालणाऱ्या छोट्या गेमची) काळजी मात्र आपणच घ्यायला हवी. १९९९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या इंडियागेम्ससारख्या कंपन्यांनी असे गेम केले, परंतु ते कधी सीडीवर आलेच नाहीत, त्यामुळे आज ते सापडले तर नातेवाइकांच्या खणात पडलेल्या जुन्या हँडसेटमध्येच सापडतील. असा फोन हाती आला की फुगलेली बॅटरी आधी काढून बाजूला ठेवावी, मेमरी कार्ड असल्यास त्याची प्रत घ्यावी, आणि फोनमधला गेम बाहेर काढता येत नसेल तर निदान तो चालू असतानाचे चित्रीकरण करून फोनचे मॉडेल, खरेदीचे वर्ष आणि मोबाइल कंपनीचे नाव त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे.