चिऊ-काऊचा तक्ता: ओळीवर बोट आणि पुस्तक मिटून गोष्ट

अंगणवाडीतलं किंवा पहिलीतलं लेकरू अक्षरं गिरवायला बसण्याआधी त्याला एवढं कळलेलं असावं: पुस्तक सरळ कसं धरायचं, आपण चित्र नाही तर ओळ वाचतो, ओळ डावीकडून उजवीकडे जाते, संपली की खालच्या ओळीला पुन्हा डावीकडून सुरुवात, आणि दोन शब्दांच्या मध्ये मोकळी जागा असते. हे सांगून कळत नाही, ओळीखाली बोट फिरताना रोज बघून कळतं.

गोष्ट सगळ्यांना पाठ असलेली घ्या. चिऊचं घर मेणाचं, काऊचं शेणाचं, ही उत्तम. पांढऱ्या कार्डशीटवर जाड स्केचपेननं चार ओळी लिहा, ओळीत दोन ते चारच शब्द, अक्षर दोन बोटं उंच, शब्दांमध्येही दोन बोटं जागा. घाईत पूर्ण ओळीवर एकच शिरोरेघ ओढली जाते, ती ओढू नका. शिरोरेघ तुटते तिथे शब्द संपतो, लेकराला दिसणारी सगळ्यात ठळक खूण तीच. एका वेळी पाच-सहा लेकरं जवळ बसवा, या तक्त्यावर ओळीखाली बोट फिरवत वाचा आणि मग त्यांना तसंच वाचू द्या, पंधरा मिनिटं पुरेत.

घोळ होतो तो इथे. 'कावळ्याचं घर वाहून गेलं' ही ओळ लेकरू काव-ळ्या-चं असे तीन ठोके देत वाचतं. तोंडात पहिलाच शब्द असतो आणि बोट 'वाहून'वर पोचलेलं असतं. त्याला शब्द आणि त्यातले आवाज अजून वेगळे करता येत नाहीत. बोट धरून ओढू नका. प्रत्येक शब्दाखाली एक चिंचोका ठेवा, पूर्ण शब्द म्हणून झाल्यावरच पुढच्या चिंचोक्यावर जायचं. दोन-तीन दिवसांनी तीच ओळ पट्टीवर लिहून मोकळ्या जागी कापा, तुकडे मिसळा आणि लेकरांकडून परत लावून घ्या. 'चिऊ'मधली वेलांटी च-च्या आधी का, हे आत्ता शिकवू नका. कुणी विचारलंच तर 'लिहिताना ती आधी येते' एवढं पुरे.

छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेड भागात काही लेकरांच्या घरी उर्दू छापील मजकूर असतो. असं लेकरू पुस्तक उलट्या बाजूनं उघडेल. ते चुकत नाही, ओळीला दिशा असते हे त्याला आधीच ठाऊक आहे. 'मराठी इकडून' म्हणा आणि प्रत्येक ओळीच्या डाव्या टोकाला हिरवा ठिपका द्या.

गोष्ट सांगायला लावताना मात्र तक्ता गुंडाळून ठेवा, नाहीतर लेकरू ओळी म्हणून दाखवतं. चार चित्रं द्या: दोन घरं, पाऊस, दारात भिजलेला काऊ, दार उघडल्यावरचं. आधी ती क्रमानं लावायची, मग बोलायचं. बहुतेक लेकरं दाराशी झालेलं सगळं गाळून थेट शेवटावर उडी मारतात. तेव्हा 'काऊनं दार वाजवलं, चिऊ काय म्हणाली?' असं विचारा आणि मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प राहा. आपणच उत्तर दिलं की लेकरू बोलणं सोडून देतं. 'गोष्ट आवडली का?' याला नुसतं 'हो' येतं, आणि तात्पर्य तर विचारूच नका.

सुरुवातीला प्रत्येक वाक्य 'मग'नं जोडलेलं येईल, ते ठीक आहे. 'घर शेणाचं होतं म्हणून वाहून गेलं' असं 'म्हणून' आपसूक आलं, तर लेकराला कारण कळलं. त्याची नोंद ठेवा.

'काऊ रडायलाय, पाऊस यायलाय' असं कुणी सांगितलं तर मध्येच 'रडतोय म्हण' करू नका. भाषा सुधारायला गेलात की गोष्ट तुटते. तांड्यावरच्या बंजारा लेकराला पहिल्यांदा गोरमाटीत, म्हणजे त्याच्या घरच्या बोलीतच सांगू द्या. तुम्हाला ती येत नसेल तर मोठ्या वर्गातली ताई-दादा शेजारी बसवा, चित्रांचा क्रम तुम्हाला दिसतोच. दिवाळीनंतर आईवडिलांसोबत ऊसतोडीला जाणाऱ्या लेकराच्या पिशवीत ती चार चित्रं दोऱ्यात ओवून द्या आणि आईला सांगा, रोज एकदा त्याच्याकडून ऐकून घ्या.