बाळाची पोटगी गावच्या बैठकीत नाही, कोर्टात मागा

मी यवतमाळ जिल्ह्यात विधी स्वयंसेवक म्हणून काम करते. झरी-जामणी, पांढरकवडा या पट्ट्यात लग्नाशिवाय आई झालेल्या बाईला ‘कुमारी माता’ म्हणतात. त्यात कोलाम या आदिवासी जमातीच्या पोरी बऱ्याच. बदनामीची चर्चा गाव करतंच; इथे फक्त पैशाचं सांगते.

पोट दिसायला लागलं की गावात बैठक बसते आणि स्टॅम्प पेपर निघतो: ‘इतके पैसे मिळाले, पुढे काही मागणार नाही.’ त्यावर सही किंवा अंगठा देऊ नका. हिशेब करा. समजा 50,000 हातावर ठेवले. उलट महिना 4,000 पोटगी धरली, तर बाळ 18 वर्षांचं होईपर्यंत 8,64,000 होतात. खरी रक्कम कोर्ट ठरवतं, 4,000 मी फक्त उदाहरणाला घेतले. आधीच सही झाली असेल तरी घाबरू नका. पोटगी बाळाचा हक्क आहे, तो आईला लिहून सोडता येत नाही. मिळालेली रक्कम मात्र कोर्टात लपवू नका.

कायदा कोणता? पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144. लग्न झालेलं असो-नसो, बापाने अज्ञान (18 च्या आतल्या) मुलाला पोसलंच पाहिजे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. हिंदू विवाह आणि वारसा कायदे आदिवासींना सहसा लागू होत नाहीत. हे कलम मात्र जात-धर्म न बघता सगळ्यांना लागू आहे. कोणी ‘तुमच्यात कायदाच वेगळा’ म्हणालं, तर हे ऐकवा. पोरगी 18 च्या आतली असेल तर गोष्ट पोटगीवर थांबत नाही. तो पॉक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचा गुन्हा आहे, आधी पोलिसांत जा.

आता कागद. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत मोफत होते. बापाचं नाव नाही म्हणून दाखला अडवला, तर सर्वोच्च न्यायालयाचा 2015 चा निकाल सांगा: अविवाहित आईच्या प्रतिज्ञापत्रावर दाखला द्यायचा, बापाचं नाव सांगायची सक्ती नाही. सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा. पण पोटगी हवी असेल तर अर्जात ते लिहावंच लागतं.

बाप नाकारणार, हे धरूनच चाला. फोन विकू नका, बदलू नका. त्याचे मेसेज, फोटो, दवाखान्यासाठी त्याने फोन-पेवर टाकलेले पैसे, सगळं जपा. डीएनए तपासणीची मागणी अर्जातच घाला. कोर्टाने सांगूनही तो आला नाही, तर ते त्याच्या विरोधात धरलं जाऊ शकतं.

दुसरा हमखास डाव: ‘माझी कमाईच नाही, साहेब.’ म्हणून आधी त्याची मालमत्ता शोधा. सातबारा सरकारच्या महाभूलेख या वेबसाइटवर फुकट बघता येतो. गाव आणि नाव टाकलं की जमीन किती ते समोर येतं. ट्रॅक्टर, गाडी असेल तर नंबर टिपा. 2020 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तुमच्या बाजूने खर्चाची वही ठेवा: दूध, औषधं, एसटीचं भाडं, कापूस वेचणीच्या दिवसांत बाळापायी बुडालेली मजुरी. बाया मजुरी लिहायची विसरतात, आणि तोच आकडा मोठा असतो.

वकिलाला पैसे देऊ नका. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत अर्ज करा किंवा 15100 ला फोन लावा. मुख्य अर्जासोबतच अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या पोटगीचा अर्ज द्या. नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत त्याचा निकाल व्हावा, असं कायदा म्हणतो. लागतात जास्त, पण हे वाक्य वकिलाकडून तारखेला वदवून घ्या. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते, म्हणून उशीर तुमच्याच खिशातून जातो.

तोवर घर चालवायला मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठी 5,000 आहेत, त्यासाठी नवऱ्याच्या आधारची सक्ती नाही. आशाताईला विचारा. बाल संगोपन योजनेसाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करा. ते प्रकरण बाल कल्याण समितीपुढे जातं.

हुकूम झाला तरी पैसे थकतातच. थकल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करा, वर्ष उलटलं तर हा मार्ग बंद. कोर्ट वॉरंट काढतं, थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकतं. कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही. हे गावात मोठ्याने सांगा, बरेच पैसे त्या धाकानेच येतात. आणि बाळ शाळेत जायला लागलं की रक्कम वाढवून मागा, त्याला नवा दावा लागत नाही, त्याच कोर्टात साधा अर्ज पुरतो.